साळूचं गाडीघर

सागाच्या एका रानात, ओढ्याच्या काठी, एक साळू राहत असे. अंगभर काटे, आणि स्वभाव त्याहून काटेरी! शेजारी ससा होता. तोंडाचा बडबड्या, पण मनाचा चांगला. साळूला एकुलती एक लेक, ती घाटापलीकडच्या रानात दिलेली. "आई, माझे दिवस भरत आले. पहिलीच खेप आहे, भीती वाटते. तू ये," असा तिचा निरोप कावळ्यानं आणला, आणि साळूला घास गोड लागेना. सशालाही त्याच बाजूला भावाकडे जायचं होतं. वाट लांबची, म्हणून दोघं सुतारपक्ष्याकडे गाडीघर घ्यायला गेली. गाडीघर म्हणजे चाकांवरचं घर. ज्याचं त्यानं ओढायचं आणि मुक्काम पडेल तिथं आत झोपायचं.

सुतारपक्ष्याकडे दोन गाड्या तयार होत्या. मोठीत काय नव्हतं? पेटती शेगडी, पाण्याचा रांजण, धान्याची कणगी, जातं, मऊ गादीचा पलंग, खिडकीला पडदासुद्धा! धाकटीत एक चटई, एक तांब्या आणि वर छप्पर, बस्स.

"वहिनी, धाकटीसारखीच आणखी एक करून घेऊ. मोठी घेऊ नका एवढंच सांगतो," ससा म्हणाला. "घाट चढायचाय. पाणी वाटेत मिळतं, विस्तव कुणीही देतं."

"दारोदार खापर घेऊन हिंडणं तुम्हालाच लखलाभ, भावजी!" साळू फणकारली. "मी जन्मात कुणाच्या दारी विस्तव मागायला गेले नाही. मला मोठीच हवी."

"बाई, गाड्या दोन्ही मजबूत आहेत," सुतारपक्षी म्हणाला. "पण ओढायची तुम्हाला आहे."

झालं! धाकटी सशानं घेतली आणि दोघं निघाली. मुक्काम आला की ससा खापर घेऊन जवळच्या दारी जाई. "विस्तव देता का?" म्हटलं की "या, बसा, कुठले पाहुणे?" असं होई आणि गप्पा रंगत. साळू मात्र पडदा ओढून आपल्या शेगडीवर भाकरी भाजून घेई आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी ओढू लागे. घामानं निथळायची बिचारी, पण वाटेत थांबायचं तिला कारणच नव्हतं. घाटाच्या पायथ्याशी अस्वलिणीचं घर लागलं. अंगणात सशाची गाडी रिकामी उभी होती. 'बसले असतील आत गप्पा छाटत!' असं म्हणत साळू सरळ घाटाला लागली.

अर्ध्या घाटात तिनं वळण घेतलं, तर पुढे रस्ताच नाही. दरड कोसळली होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मागं फिरावं तर गाडी वळेना. साळूनं ओढलं, ढकललं, काटे फुलवले. पण धोंड्यांना काट्यांचं काय? त्या हिसक्यांनी रांजण कलंडला आणि सगळं पाणी शेगडीत गेलं. कणगी होती, जातं होतं, मऊ पलंग होता. लेक मात्र डोंगरापलीकडे होती. साळूला रडूच कोसळलं.

तेवढ्यात खालून अस्वलीण धापा टाकत आली. "अगं बाई! दरड पडलीय हे आमच्याकडं पोरंसोरंसुद्धा जाणतात. कुणाला विचारलं नाहीस होय?"

"विचारायची वेळच आली नाही," साळू पुटपुटली.

"ससा विस्तवाला आला, तेव्हा त्याला मी कडेची पाऊलवाट दाखवली. त्याची गाडी चिंचोळी, निघून गेली. जाताना म्हणाला, 'मागून आमच्या वहिनी येतील. त्या काही मागायच्या नाहीत, तुम्हीच हाक मारून सांगा.' अंगणाबाहेर येऊन बघते, तर तुझ्या चाकोऱ्या वर गेलेल्या!"

"माझी गाडी जाईल का त्या वाटेनं?"

"छे! चाकसुद्धा मावायचं नाही."

साळूनं गाडीकडे एकदा पाहिलं आणि अस्वलिणीमागं घाट उतरू लागली. अस्वलिणीच्या घरापाशी, पाऊलवाटेच्या तोंडाशी, ती घुटमळली. मग मान खाली घालून म्हणाली, "ताई, थोडा विस्तव द्याल का?"

"त्यात काय विचारायचं?" अस्वलिणीनं खापर भरून निखारे दिले आणि वर दोन भाकऱ्या.

निखारे विझत आले की साळू वाटेतल्या दुसऱ्या दारी विस्तव मागे. कुणी जवळची वाट सांगे, कुणी पाणी देई. अशी विचारत विचारत ती लेकीच्या दारात पोचली. लेक कळा देत होती, जावई सुईणीला आणायला धावला होता, आणि घरातली चूल थंडगार पडलेली.

"आई, आलीस!" लेक रडत म्हणाली. "पाणी तापवायचं होतं गं, पण चूलच विझलीय."

साळूनं खापर चुलीत उपडं केलं, वर काटक्या घातल्या आणि फुंकर मारली. पाण्याला आधण आलं, सुईणही आली, आणि दिवस मावळायच्या आत साळू आजी झाली. काटे अगदी मिटून घेऊन तिनं नातीला कुशीत घेतलं.

तात्पर्य : जो कुणाच्या दारी कधी जात नाही, त्याला पुढचा रस्ता बंद असल्याचं कुणी सांगत नाही.