कुकाऱ्याची खिंड

ही खिंड ओलांडली की शिखर आलंच, असं सगळ्यांना वाटतं. वाटू द्या, पण आधी घटकाभर इथं टेका. दोन वाटा फुटल्यात, बघितल्या का? उजवीकडची रुंद, गवतातून आरामात जाते आणि पुढं कड्यावर जाऊन संपते. खाली थेट कोकण. डावीकडची अडचणीची, दगडाधोंड्यांची, ती धारजाई देवीच्या शिखरावर नेते. उन्हाळ्यात कुणीही डोळे झाकून चढेल. पण पावसाळ्यात ढग खिंडीत उतरला की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. मग पुढचा माणूस कुकारा घालतो, म्हणजे ‘कूऽऽ’ अशी लांब हाक देतो, आणि मागचा त्या आवाजावर पाऊल टाकतो. ही रीत कशी पडली ते माझी आजी सांगायची. तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. खरंखोटं धारजाईला ठाऊक.

खालच्या वाडीत ठकू म्हणून एक बाई होती म्हणे. तिला एकच लेक, झुंबरी. पोरगी चांगली चुरूचुरू बोलायची, पण मोठा ताप आला आणि तापाबरोबर वाचाच गेली. झाडपाला झाला, अंगारेधुपारे झाले. ठकूच्या जिवाला एकच ध्यास लागला, पोरीच्या तोंडून पुन्हा एकदा ‘आये’ ऐकायचं. त्यात थोरली जाऊ भागी तोंडाची फटकळ. एकदा भांडणात ती बोलून गेली, “तुझ्याच जिभेनं पोरीची जीभ खाल्ली.” तेव्हापासून दोघी एका चुलीवर रांधायच्या, पण एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या.

भगतानं ठकूला नवस सांगितला. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा, तिन्ही ऋतूंत लेकीला पाठीशी बांधून शिखर चढायचं. वाडीचं शेवटचं घर सुटल्यापासून देवीच्या पायाशी डोकं टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एक जरी निघाला तरी नवस गेला, आणि धारजाई दुसऱ्यांदा ऐकून घेत नाही.

पौषात ती पहिल्यांदा चढली. वाळल्या गवतावर दहिवर पडलेलं, पाय ठरत नव्हता. धारेवर ठेच लागून नख उचकटलं, तरी बाईच्या तोंडून ‘आई गं’ निघालं नाही. वैशाखात कातळ तव्यासारखा तापलेला, टाक्याचं पाणी आटलेलं. पोरगी पाठीवर रडायला लागली. एरवी आई दोन शब्द बोलून समजूत घालते की नाही? ठकू नुसती थोपटत राहिली. उतरल्यावर पोरीला कुशीत घेऊन तिनं त्या सगळ्या न बोललेल्या गोष्टी बोलून टाकल्या म्हणे.

राहिला पावसाळा. श्रावणात ती निघाली तेव्हा जरा उघडीप होती. ती चढाला लागली आणि मागून वारा फिरला, झड सुरू झाली. गडीमाणसं लावणीला गेलेली. सासू दारात बसून घोर करायला लागली, “लेकरू गारठून मरेल गं.” भागी आधी काहीबाही पुटपुटली, मग खुंटीवरची घोंगडी काढून डोक्यावर घेतली आणि निघाली. फटकळ होती, पण मनानं वाईट नव्हती.

ठकू खिंड ओलांडून डाव्या वाटेनं वर पोचली होती. ढग असा दाटलेला की पुढचा दगड हातानं चाचपावा लागे. देवीचं ठाणं हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात खालून कुकारा आला. भागीचा आवाज, ओळखायला काय वेळ लागतो? “ठकू गंऽऽ, कुठवर गेलीस?”

ठकू थबकली. ओठ घट्ट मिटून घेतले. पुन्हा कुकारा आला. ओ मिळाली नाही तेव्हा भागीनं कुणीही धरावा तो अंदाज धरला, की ठकू लांब गेली असणार, आणि पायाला लागली ती रुंद वाट धरली. वरून ठकूला आवाज सरकताना ऐकू येत होता. उजवीकडं, कड्याकडं.

माझी आजी इथं खोटं गोड बोलत नसे. ती सांगायची, की ठकूच्या मनात आलं, जाऊ दे. जिनं मला तसं बोलून दाखवलं, तिच्यासाठी मी माझ्या लेकीचं तोंड बंद ठेवू? दोन पावलं ती पुढंही गेली. तिसरं काही उचलेना. खालचा आवाज आता कड्यावरच्या वाऱ्यात फाटायला लागला होता.

“भागेऽऽ, थांब! पाऊल टाकू नको, मी इकडं आहे.”

झालं. पौषापासून सांभाळलेला नवस एका हाकेत गेला. ठकू चिखलात बसली आणि ढसाढसा रडली, इतकी की पुढचा कुकारा घालायला तिच्या गळ्यातून आवाजच फुटेना. आणि मग, असं सांगतात, तिच्या पाठीवरून आवाज आला. “कूऽऽ.” कोवळा, पण स्वच्छ. त्या आवाजावर भागी पाय मागं घेत, दगड धरत वर आली, आणि तिनं लेकराला घोंगडीत गुंडाळलं.

तुम्हाला वाटेल, पोरगी बोलायला लागली. नाही. ठकू कितीतरी दिवस तिच्या तोंडाकडं बघत राहिली. ‘आये’ काही आलं नाही, कधीच आलं नाही. झुंबरीला आयुष्यभर कुकारा तेवढा जमला. मोठी झाल्यावर ढग उतरला की ती या खिंडीत येऊन उभी राहायची. तिच्या आवाजावर किती माणसं, किती गुरं सुखरूप घरी गेली याला गणती नाही.

वाडीतल्या बायका ठकूला म्हणायच्या, “जरा कळ काढली असतीस तर पोरगी बोलली असती.” ठकू म्हातारी झाली, डोळे गेले, तरी ती झुंबरीच्या कुकाऱ्यावर शिखर चढायची. ती त्यांना सांगायची, “बोलली असती गं. पण भागीला कड्यावरून जाऊ दिल्यावर त्या घरात मी कुठल्या तोंडानं बोलले असते? मुकी मग मीच झाले असते.”

आजही या डोंगरावर मौनाचा नवस कुणी बोलत नाही. माणसं कितीही असोत, सगळ्यात मागच्याला ओ दिल्याशिवाय धारजाईपुढं नारळ फुटत नाही.

चला, उठा आता. आणि तुमच्यातला तो खाली मागं राहिलेला गडी मघापासून हाका मारतोय. द्या की कुणीतरी त्याला ओ.