तांबडा तारा आणि लोहाराची सून

"आठ दिवसांत माझ्या ताऱ्याची आच मोजून आण, नाही तर तुझी ऐरण नदीत आणि तू वेशीबाहेर!"

चंडेराव महाराजांनी मालू लोहाराला असं फर्मावलं. चूक तशी एकाच शब्दाची! महाराज भाल्यांची पाती बघायला भट्टीवर आले होते. स्वारीचा जन्म ज्येष्ठा नक्षत्रावरचा, आणि ज्येष्ठेचा तारा तांबडा. "सूर्य काय तापतो! आमचा तारा बघा, रागानं लालबुंद झालाय!" अशी बढाई चालली होती. सोबतची मंडळी माना डोलवत होती. त्यांना पगार त्याचाच होता. मालूचं लक्ष मात्र भट्टीत. त्याच्या तोंडून निसटलं, "तांबडा? म्हणजे अजून कच्चाच की!"

कमी तापलेल्या लोखंडाला मालू कच्चं म्हणायचा, एवढंच. पण राजाचा तारा कच्चा म्हणजे राजा कच्चा! संपलंच.

मालू घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. त्याची सून राही भाता ओढायची. ती म्हणाली, "मामंजी, तुम्ही खोटं बोललात का?"

"खरं बोललो, म्हणून तर ही बोंब!"

"मग मोजू की आच."

"आणि वर चढायला शिडी कुठली? तुझ्या माहेरची?"

"शिडी कशाला? तुम्ही लोखंडाची आच काय हात लावून बघता?"

मालूनं कपाळावरचा हात काढला. आच तर तो रंगावरनंच ओळखायचा!

आठव्या दिवशी दिवेलागणीला राहीनं आणि मालूनं राजवाड्याच्या गच्चीवर भट्टी आणि ऐरण मांडली. महाराज झोपाळ्यावर बसले; झोपाळ्यानं कण्हून तशी वर्दी दिली. मागं मानकरी, शेजारी राजजोशी विसोबाशास्त्री. लोहारीण हरणार, हे त्यांनी ग्रह बघून आधीच सांगून ठेवलं होतं. मागच्या साली पाऊस नाही असंही त्यांनी सांगितलं होतं, आणि ती पोथी पुरात वाहून गेली होती.

दक्षिणेकडं ज्येष्ठा लुकलुकत होती. राहीनं लोखंडाचा गज भट्टीत घातला आणि भाता ओढला.

"सरकार, गजाचा रंग तुमच्या ताऱ्यासारखा झाला की 'थांब' म्हणा."

गज काळ्याचा तांबडा झाला.

"थांब!" महाराज ओरडले. "हुबेहूब!"

"ही तुमच्या ताऱ्याची पायरी. आता पुढं बघा." तिनं पुन्हा भाता ओढला. तांबड्याचा नारिंगी झाला, नारिंगीचा पिवळा. शेवटी गज असा पांढरा झाला की बघवेना! झोपाळा दोन हात मागं सरकवावा लागला. "ताऱ्याची नेमकी आच किती, ते मी सांगत नाही. पण आचेच्या पायऱ्या याच. आणि सूर्य तर या पांढऱ्याच्याही पुढचा. तिथवर माझा भाता पोचायचा नाही."

"खोटं!" विसोबा कडाडले. "सूर्य मावळताना तांबडाच असतो!"

"ती गावच्या धुळीची करामत, शास्त्रीबुवा. भर दुपारी बघा की त्याच्याकडं! दिसायचं बंद झालं तर काठी आम्ही देऊ."

"अगं, तांबडा रंग उग्र! पांढरा रंग सात्त्विक, शांत! शास्त्र आहे हे!"

"असं होय!" राहीनं सांडशीत पांढरा गज धरला आणि त्यांच्यापुढं केला. "मग घ्या हा शांत गज मांडीवर. मी तो उग्र घेऊन बसते."

विसोबा जे उठले ते थेट जिन्यापाशी! उपरणं मागंच राहिलं. मानकऱ्यांनी हसू दाबलं, कारण महाराज हसले नव्हते. महाराजांच्या कपाळावरची शीर फुगली होती.

"म्हणजे आमचा तारा थंड? भर गच्चीत, आमच्या तोंडावर?" ते गरजले. "उचला रे ती ऐरण!"

दोन शिपाई पुढं झाले. मालूनं डोळे मिटले. राही मात्र जागची हलली नाही.

"सरकार, माझं अर्धंच बोलणं झालंय. एक ठिणगी पांढरी असते, आणि वणवा तांबडा. लांबच्या डोंगरावरनं काय दिसतं?"

"वणवा. त्याचं काय?"

"आच कमी असूनही तुमचा तारा इतक्या लांबून सगळ्या मुलखाला दिसतो. म्हणजे तो अंगानं केवढा असेल! आपला सूर्य त्याच्या खिशात मावेल. लहानाला तापावं लागतं, सरकार, तेव्हा कुठं तो लोकांच्या नजरेत भरतो. मोठ्याला कशाला तापावं लागतंय?"

महाराज पेचात पडले. आता ओरडावं तर लहान ठरणार, आणि गप्प बसावं तर लोहारीण जिंकणार! त्यांनी शिपायांकडं पाहिलं, ताऱ्याकडं पाहिलं, आपल्या पोटाकडं पाहिलं. मग ते पोट आधी हललं आणि मागनं हसू फुटलं. असं फुटलं की मानकऱ्यांनीही इतका वेळ दाबलेलं एकदमच सोडलं.

"ठेवा ती ऐरण खाली!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "पोरी, आमच्या रानातला कोळसा दर साली तुझ्या भट्टीला, हवा तेवढा! आणि विसोबा, जिन्यातनं वर या. उद्यापासून महिनाभर हिचा भाता तुम्ही ओढायचा. मुहूर्त बघू नका, आम्ही बघितलाय!"