ठकूची टेकडी

बोरटेक गावाच्या वरच्या अंगाला ती बोडकी टेकडी दिसते ना, ती ठकूची. तिथं देऊळ नाही, शेंदूर फासलेला धोंडा नाही. बसायपुरती सपाट जागा आहे, एवढंच. आणि खाली गावात ‘आगळीक’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. दोन्हीचं मूळ एकच, असं सांगतात.

फार मागं या शब्दाचा गावात दरारा होता म्हणे. चोरी म्हणावी तर चोरी नाही, चूक म्हणावी तर चूक नाही. ठाऊक असून मर्यादा ओलांडली, की ती आगळीक. ती ज्याच्या माथी बसली, त्यानं एकट्यानं टेकडीवर राहायचं. वाघजाईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घरच्या माणसानं वर जाऊन विचारायचं, “काय केलंस?” त्यानं “आगळीक केली” म्हटलं, की खाली आणायचं. तोवर त्याच्याशी कुणी दुसरा शब्द बोलायचा नाही.

ठकू बिनालेकराची विधवा. एका साली देवीच्या अंघोळीचा हंडा आणायचा मान तिला मिळाला. हा हंडा झऱ्यापासून देवळापर्यंत खाली टेकवायचा नाही. वाटेत एक कोळसेवाला उन्हानं कोसळलेला. ठकूनं हंडा टेकवला, ओंजळीनं त्याला पाजलं. माणूस उठून बसला, आणि ठकू टेकडीवर गेली.

वर्षानं तिची जाऊ म्हाळसा आली. “काय केलंस?”

“पाणी दिलं.”

म्हाळसा मुकाट उतरली. “ताठा बघा बाईचा,” गुरव म्हणाला, “एक शब्द म्हणायला जीभ जड झालीय.”

ताठा नव्हता तो. तिनं तो शब्द म्हटला, तर त्या कोळसेवाल्याचं जगणंच वावगं ठरत होतं. ती नाचणी पेरी, शेळीशी बोले. संध्याकाळी खालचा धूर बघून कुणाची चूल पेटली ते ओळखी. पुढं शेळी मेली. मग बोलणंही सरलं.

आठव्या वर्षीच्या फेरीला म्हाळसा आली, तर ठकूची नुसती हाडं उरलेली. म्हाळसाच्या तोंडून निघून गेलं, “जेवलीस का गं?”

ठकूचे ओठ हलले. “पाणी दिलं,” ती म्हणाली. दुसरं बोलणं तिच्याकडे उरलंच नव्हतं.

म्हाळसा तिथंच बसली. दिवस कलेपर्यंत गाय व्याल्याचं, पोरी नांदायला गेल्याचं सांगत राहिली. ठकूनं तिचा पदर मुठीत धरला होता. त्याच आठवड्यात ठकू वारली.

वर काय बोलली ते म्हाळसानं लपवलं नाही. नियम मोडला म्हणून गाव देवळापुढं जमलं. गुरव म्हणाला, “म्हाळसे, तुझी आगळीक झाली.”

“जाते की वर. पण मी काय केलं, ते तुझ्या तोंडानं सांग.”

गुरव अडखळला. “तू... जेवलीस का, म्हणून विचारलंस.”

मग माणसं एकेक करून घरी गेली; म्हाळसाला कुणी वर धाडलं नाही, आणि तो शब्दही पुन्हा कुणी काढला नाही.

आजही बोरटेकात कुणाला नावं ठेवायची असली, तर त्यानं काय केलं तेवढंच सांगावं लागतं. आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी एक बाई टेकडीवर जाते, “जेवलीस का गं?” विचारते, आणि उत्तर येईल अशी घटकाभर थांबते.