समुद्राने न घेतलेला किल्ला

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कोणाला आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून कोणाचं काही अडतही नाही. त्या राजाच्या मुलखात, अगदी टोकाला, कोळ्यांचं एक गाव होतं. गावापुढे लांबलचक पुळण होती, आणि पुळणीच्या कडेला माडांखाली धाकू मेस्त्रीची खोप होती. तिथे तो होड्या बांधायचा.

धाकू मेस्त्रीसारखा कारागीर त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. त्याने बांधलेल्या होडीत पाण्याचा थेंब शिरत नसे. पण कोणाचं काम वाकडं दिसलं की त्याच्या डोक्यात तिडीक जायची, आणि जगात वाकडं काम पुष्कळ असल्यामुळे ती तिडीक बहुधा उतरतच नसे. बायकोने थापलेली भाकरी जरा लांबट झाली, तरी तो ती ताटात फिरवून फिरवून बघायचा.

"खायची आहे ती, होडीला बसवायची नाही," असं त्याची बायको आवडा त्याला रोज सांगायची.

त्या गावाची एक रीत होती. पावसाळाभर समुद्र खवळलेला असायचा आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असायच्या. पाऊस सरला की एक दिवस ठरायचा. त्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी गावची मुलं पुळणीवर वाळूचा किल्ला करायची. मग भरती यायची आणि किल्ला घेऊन जायची. वाळू सपाट झाली की गावचा नाखवा, म्हणजे सगळ्या होड्यांचा म्होरक्या, समुद्राला नारळ द्यायचा आणि होड्या पाण्यात लोटल्या जायच्या. समुद्राने पोरांच्या हातचं घेतलं, आता तो आपल्याला देईल, अशी त्या लोकांची समजूत.

किल्ल्याला मोठ्या माणसाचा हात लागायचा नाही, असा नियम होता. बांधायचा तो मुलांनी, मोडायचा तो समुद्राने. आणि किल्ला उभा असेपर्यंत एकही होडी निघायची नाही.

आता मुलांचा किल्ला कसा असतो, ते तुम्हाला सांगायला नको. करवंट्या, फुटकी गाडगी, कोणाच्या आईचा नजर चुकवून आणलेला तांब्या, अशा सामानावर सगळं चालायचं. एक बुरूज जाडा, एक रोडका. तट मध्येच खचलेला. कोणी खंदक खणतंय, कोणी भुयारात खेकडा सोडून त्याला राजा म्हणतंय, आणि कोणी त्या राजाच्या विहिरीसाठी ओंजळीने पाणी आणताना अर्धा तट पायाखाली घालतंय. मग भांडण, मग रडारड, मग पुन्हा खणणं. भरती येईस्तोवर त्या किल्ल्यात इतकी बिळं पडलेली असायची, की पहिल्या लाटेतच तो लोळागोळा होऊन जायचा.

हे सगळं धाकू मेस्त्रीच्या डोळ्यांदेखत चालायचं. वर्षानुवर्षं तो खोपीतून हे बघत आला होता आणि दात ओठ खात आला होता.

"ह्याला किल्ला म्हणायचं?" तो आवडापाशी कुरकुरायचा. "वारूळ आहे ते वारूळ. समुद्राला द्यायची वस्तू अशी? शेजारणीला भाजी द्यायची तरी माणूस बरा वाडगा शोधतो."

"समुद्राने कधी तक्रार केली का?" आवडा म्हणायची.

"तो बोलत नाही म्हणून काय वाटेल ते द्यायचं का?"

एका पावसाळ्यात त्याच्या संतापाने हद्द गाठली. खोपीत काम थोडं होतं आणि वेळ भरपूर होता. माणसाकडे कौशल्य, चीड आणि रिकामा वेळ हे तिन्ही एकदम आलं, की जवळच्यांनी सांभाळून राहावं. धाकूने फणसाचं लाकूड काढलं आणि किल्ल्याचे साचे करायला घेतले. एक बुरुजाचा, एक तटाचा, एक दरवाजाचा. वाळू भरा, उपडं करा, साचा उचला, झाला किल्ला.

पहिल्या साच्यात त्याने आतून मोर कोरले. वाळू भरून साचा उपडा केला, तर अर्धी वाळू मोरांच्या पिसाऱ्यातच अडकून बसली. धाकूने कपाळावर हात मारला. दुसऱ्या साच्याच्या भिंती त्याने अगदी सरळ केल्या, तर वाळू बाहेर यायलाच तयार होईना. ठोकलं, हलवलं, शिव्या घातल्या. शेवटी निघाली, ती ढिगाऱ्याने. तेव्हा त्याने साच्याचं तोंड रुंद आणि बूड निमुळतं केलं, आतून रंधा मारून लाकूड गुळगुळीत केलं आणि होड्यांना लावायचं उंडीचं तेल चोपडलं. तरी बुडाशी वाळू चिकटून राहायचीच. मग त्याने बुडाला बोटभर भोक पाडलं. भरताना त्यावर बोट धरायचं, उपडं केलं की बोट काढायचं. आत हवा शिरायची आणि बुरूज सुळकन बाहेर यायचा. त्या दिवशी धाकू एकटाच खोपीत हसला, आणि आवडाने बाहेरून विचारलं की बरं वाटत नाहीये का.

इथे थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण कडा जराशा ढासळतात, हे त्याला खपेना. त्याने वाळूत खाडीची चिकणमाती आणि शिंपल्यांचा चुना कालवून पाहिला. कडा सुरीसारख्या आल्या. तटाला त्याने खाच दिली आणि बुरुजाला जीभ, फळीत फळी बसते तसा तट बुरुजात बसावा म्हणून. समुद्राकडची बाजू त्याने होडीच्या नाळेसारखी, म्हणजे तिच्या पुढच्या टोकासारखी, निमुळती पुढे निघालेली केली. आणि दरवाजाच्या साच्यात कडीकोयंड्यासकट असं दार कोरलं, की बघणाऱ्याला वाटावं आत पहारेकरी उभा आहे. दार अर्थातच बंद होतं.

ह्या माणसाने जन्मभर पाणी बाहेर ठेवायचं काम केलं होतं. दुसरं काही करायचं त्याच्या हातांना सुचणार तरी कसं?

ठरलेला दिवस उजाडला. मुलं करवंट्या घेऊन पुळणीवर आली, तर धाकू मेस्त्री साचे आणि चुना-मातीच्या टोपल्या मांडून उभा. त्याने करवंट्या खाली ठेवायला लावल्या. मुलांना रांगेत उभं केलं. नियम मोडायला नको म्हणून स्वतःचे हात त्याने पाठीमागे बांधले होते, पण तोंडावर कोणी नियम घातलेला नव्हता.

"भर. अजून भर. दाब. असा नाही, सगळीकडून दाब. बोट धरलंस का? उपडं कर. बोट काढ. आता बाजूला हो. हात लावू नकोस, बिघडेल."

ऊन तापायच्या आत किल्ला पुरा झाला. असा देखणा किल्ला त्या पुळणीवर कधी झाला नव्हता. मुलं गोल उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. त्यांच्यात नाखव्याची नात होती, बायजा. भुयार खणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"मेस्त्रीआजा, आता आम्ही काय करायचं?" तिने विचारलं.

"बघायचं."

"बघितला. मी भुयार करू का ह्यात?"

"खबरदार. तटाला तडा जाईल."

"मग विहीर?"

"काही नाही करायचं. झालाय तो."

मुलं थोडा वेळ घुटमळली. मग एकेक करून खेकडे पकडायला निघून गेली. धाकूला ते जाणवलंसुद्धा नाही. तो किल्ल्याभोवती फिरून कोपरे तपासत होता.

भरती आली. लाट किल्ल्यावर आपटली, नाळेवर फुटली, दोन्ही अंगांनी वाहून गेली. जमलेले लोक वा वा म्हणाले. दुसरी लाट आली, तिसरी आली. पाणी बुरुजांच्या गळ्यापर्यंत चढलं आणि उतरलं. ओहोटी लागली, तेव्हा किल्ला होता तिथेच होता, उलट धुऊन पुसून जास्तच उजळला होता. आता कोणी वा वा म्हणेना. सगळे नाखव्याकडे बघायला लागले. नाखव्याने हातातला नारळ परत पिशवीत घातला.

"आज नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. चुना मुरत गेला तसा किल्ला आणखीच कडक होत गेला. समुद्र शांत होता, वारा चांगला होता, आणि दूरवर पक्षी पाण्यावर झडप घालत होते. खाली बांगडा मासळीचा थवा होता, हे लहान पोरालाही कळत होतं. शेजारच्या गावच्या होड्या तिथे भरून घेत होत्या. ह्यांच्या होड्या किनाऱ्यावर वाळत पडल्या होत्या.

पावसाळ्याच्या शेवटी कोळ्याच्या घरात उरतं किती? सुकटीची मडकी रिकामी झाली. घरोघरी मिठाची पेज शिजायला लागली. आवडाने एका सकाळी मडकं उपडं करून तळाचा चुरा नवऱ्याच्या ताटात झटकला. "गोल आहे का बघा," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

धाकूला तो घास गिळवेना. आपल्या हातच्या कामाची त्याला आयुष्यात पहिल्यांदा शिसारी आली. तो तडक नाखव्याकडे गेला.

"मी लाथ घालून पाडतो तो किल्ला," तो म्हणाला. "पाप लागलं तर मला लागू दे."

नाखवा जाळ्याचा गुंता सोडवत होता. त्याने मान वर केली नाही. "मेस्त्री, तू तोंडाने बांधलास, तेव्हा मी गप्प बसलो. ती माझी चूक. आता तू पायाने मोडणार. म्हणजे समुद्राला दिलेली वस्तू तूच परत घेणार. मग तो आमच्या पोरांना बाहेर कशाच्या भरवशावर सांभाळणार?"

धाकू पुळणीवर येऊन किल्ल्यासमोर बसला. उभ्या जन्मात तो इतका वैतागला नव्हता, आणि वैताग काढायला दुसरं कोणी मिळत नव्हतं. एवढ्यात बायजा आली. सकाळपासून तिच्या पोटात पेजेशिवाय काही नव्हतं आणि तीही चिडलेलीच होती.

"तुमचा किल्ला वाईट आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"खेळता येत नाही. दार आहे, पण उघडत नाही. खेकडा आणला तर त्याला आत जायला जागाच नाही. आमच्या किल्ल्यात सगळे आत जातात. शेवटी समुद्रपण जातो."

धाकू काहीतरी खेकसणार होता. तो बायजाकडे बघत राहिला, मग त्या कोरीव बंद दाराकडे बघत राहिला.

"मोडायचा नाही, हे खरं," तो हळूहळू म्हणाला. "पण खेळायला कोणी मना केलंय?"

"तुम्हीच केलंय," बायजा म्हणाली.

हे त्याला झोंबलं, पण खोटं नव्हतं. तो उठला, परत नाखव्याकडे गेला आणि खाली मान घालून विचारून आला. "आपल्या किल्ल्यात पोरांनी खेळायचं नाही, असं आमच्या आज्याच्या आज्यानेही कधी म्हटलं नव्हतं," एवढंच नाखवा बोलला.

धाकूने मुलांना हाका मारल्या. करवंट्या परत दिल्या. "खेळा," तो म्हणाला. हा एक शब्द काढताना त्याला जेवढे कष्ट पडले, तेवढे आख्खी होडी बांधताना पडले नसतील.

मुलं तुटून पडली. बायजाने त्या सुंदर दारातून भुयार खणायला घेतलं. चुना कडक झाला होता, म्हणून शिंपल्यांनी खरवडावं लागत होतं, पण त्याचा कोणाला त्रास वाटत नव्हता. एकाने बुरुजाच्या डोक्यावर विहीर पाडली. दोघांनी तटात खेकड्याच्या लेकीसाठी खिडकी केली. समुद्रापासून दारापर्यंत वाकडातिकडा पाट काढला. धाकूचे कडीकोयंडे, खाचा, सुरीसारख्या कडा, सगळं त्याच्यासमोर भुगा होऊन उडत होतं. दर फटक्याला त्याच्या जिभेच्या टोकावर 'अरे, असं नाही' यायचं आणि तो जीभ चावायचा. तो उठून गेला मात्र नाही. मुलांचा ओरडा, भांडण, रडणं सगळं त्याने ऐकलं, आणि कित्येक दिवसांत पुळणीवर हा आवाज नव्हता, हे त्याला तेव्हा उमगलं.

भरती आली. पहिली लाट पाटातून दारात शिरली, भुयारातून विहिरीत चढली आणि खिडकीतून बाहेर आली. किल्ला आतून भिजला. मुलांच्या आरोळ्यांत एक बुरूज बसला, मग दुसरा, आणि पाणी परतलं तेव्हा वाळू सपाट होती.

नाखव्याने नारळ दिला. होड्या सुटल्या. पण बांगड्यांचा मोठा थवा तोवर पुढे सरकला होता. त्या हंगामात गावाने बेताचंच खाल्लं, आणि प्रत्येक घराने प्रत्येक जेवणाला धाकू मेस्त्रीची आठवण काढली. कशी काढली असेल, ते मी सांगत नाही.

पुढल्या वर्षी धाकूने पुन्हा साचे केले. लहान हातात मावतील असे, रुंद तोंडाचे, बुडाला भोक असलेले. आत काहीही कोरलेलं नव्हतं. ते पुळणीवर ठेवून तो खोपीत गेला आणि समुद्राकडे पाठ करून बसला. मुलांनी एका साच्यातून बुरूज काढला, दुसऱ्यातून पाणी आणलं, आणि तिसऱ्यात खेकड्याला बसवून त्याची होडी केली.

"बुरूज वाकडा आलाय हो," आवडाने दारातून सांगितलं.

धाकूच्या हातातली पटाशी थांबली. मान वळायला लागली होती. ती त्याने मोठ्या कष्टाने सरळ केली.

"येऊ दे," तो म्हणाला.

ह्यातून घ्यायचं ते इतकंच: दुसऱ्याच्या खेळात आपली हुशारी एवढी ओतू नये, की त्याला खेळायला जागाच उरणार नाही.