झुंबरची सरासरी

एका गावात झुंबर नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगानं भरभक्कम, वजन पुरं शंभर किलो. त्याचं लग्न ठरलं. सासरा म्हणाला, "नवरदेव घोडीवर बसून आला, तरच मुलगी देईन." घोडीवाले दगडूमामा म्हणाले, "माझ्या घोडीवर माणशी नव्वद किलो. वर छटाकभर चालायचं नाही."

झुंबर घाबरला. तालुक्याच्या दवाखान्यात वजन उतरवायच्या सुईची चाचणी चालू होती. काहींना औषध, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते शेवटी कळायचं. झुंबरनं नाव घातलं.

सिस्टर म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं."

झुंबरनं सदऱ्यावरूनच टोचलं. सगळं सदऱ्यानं प्यायलं.

"अरे देवा! आधी सदरा काढावा!"

"बरं सिस्टर, ध्यानात ठेवतो."

पुढच्या खेपेला बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं होतं. झुंबर व्हरांड्यातच उघडा होऊन बसला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"अरे, नुसतं बोट पुढं करावं!"

"बरं सिस्टर, ध्यानात ठेवतो."

त्यापुढं वजन होतं. झुंबरनं काट्यावर एक बोट टेकवलं. काटा जागचा हलेना. झुंबर खूश. "उतरलं की हो सगळं!"

"अरे, अख्खं चढावं! आणि मी सांगेपर्यंत हलू नये!"

"बरं सिस्टर, ध्यानात ठेवतो."

चाचणी संपली. झुंबर पाणीवाला निघाला. वजन शंभरच. मोठे डॉक्टर म्हणाले, "औषधवाल्यांचं सरासरी बारा किलो उतरलं."

"सरासरी म्हणजे काय हो?"

"सगळ्यांची वजनं एकत्र करायची आणि माणशी सारखी वाटायची."

"म्हणजे जाड्यानं बारकी माणसं सोबत घेतली, की त्याचं कमी भरतं?"

डॉक्टर हसले. "आकडा खाली येतो खरा."

"बरं डॉक्टर, ध्यानात ठेवतो."

लग्नाच्या दिवशी झुंबर घोडीवर अख्खा चढला. मग त्यानं दोन काटकुळे मावसभाऊ ओढून घेतले, एक पुढं, एक मागं.

"अरे, हे काय?" दगडूमामा किंचाळले.

"माणशी सत्तर भरतंय, मामा!"

घोडीनं मान वळवून पाहिलं आणि भर रस्त्यात खाली बसली.

"उतर मेल्या!"

"सिस्टर सांगेपर्यंत हलायचं नाही."

सिस्टर तालुक्याला. मुहूर्त टळायला आला. नवरदेव घोडीवर आहे एवढं खरं, म्हणून सासऱ्यानं शेवटी नवरीलाच वाजतगाजत घोडीपाशी आणलं. झुंबरनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नवरी अगदीच बारीक होती.

तो आनंदानं मागं सरकला. "ये, तूही बस. आणखी उतरेल!"