रागीट परी आणि पोपट कापणारं यंत्र

एका चातुर्मासात मी देवापुढे निरांजन लावून एक नेम धरला होता. कुणी वांगं सोडतं, कुणी रोज गोपद्मं काढतं. माझा नेम जरा वेगळाच होता. कुठल्याही कापडाला कात्री लावायच्या आधी त्यावर हात ठेवायचा आणि मोठ्याने विचारायचं, "हे कुणाचं आहे गं? कापू का?" घरातले हसले. चातुर्मास संपला, पण नेम काही सुटला नाही. तो का धरला, हे कळायला बकुळाची गोष्ट ऐकावी लागेल. या गोष्टीत सगळेच रागावलेले आहेत बरं का, अगदी परीसुद्धा. पण घाबरू नका.

डोंगराच्या पायथ्याशी, काटेसावरीच्या रानाला लागून एक चिमुकलं गाव होतं. गावाच्या टोकाला बकुळा आणि तिची आई राहायच्या. बाबा देवाघरी गेले होते. त्यांचं केशरी मुंडासं तेवढं पेटीत जपून ठेवलेलं होतं. आई गोधड्या शिवायची. हिरव्या, जांभळ्या, गुलबक्षी, मोरपिशी चिंध्यांच्या मऊमऊ गोधड्या! गावातलं प्रत्येक बाळ तिच्या गोधडीत झोपायचं.

पण कात्री चालवून चालवून आईच्या उजव्या हाताचा अंगठा सुजला. वैद्यबुवा म्हणाले, "सरूबाई, कात्री सोडा. नाहीतर अंगठा कायमचा आखडेल, मग सुईसुद्धा धरता यायची नाही."

मग कापायला बसली बकुळा. इवलेसे हात, भली मोठी कात्री. तिचा चौकोन एका बाजूने वांगं व्हायचा आणि दुसऱ्या बाजूने बटाटा. असले तुकडे जोडले की गोधडीला सुरकुत्या पडायच्या. शेजारच्या द्वारकाकाकू कुंपणावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय गं बकुळे, ही गोधडी की उन्हात वाकडा झालेला पापड?" या काकूंचा तर मला अजूनही राग येतो!

एका सकाळी त्या असंच बोलल्या आणि बकुळाच्या नाकाचा शेंडा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला. ती कात्री घेऊन तडक रानात गेली. माघाची थंडी होती. काटेसावरीवर पान नव्हतं, नुसती लाललाल फुलं लखलखत होती. बकुळाने कात्री भिरकावली ती थेट झाडाच्या बुंध्यावर. खण्ण!

"आई गं! कोण आहे ते? इथे कुणी राहतं, दिसत नाही का?"

एका फुलातून बोटभर उंचीची परी बाहेर आली. पाकळ्यांचा लाल घागरा, चतुराच्या पंखांसारखे झिरमिरीत पंख, पायात सोनेरी परागांचे पैंजण. आणि चेहरा रागाने नुसता फुगलेला.

"तुला तरी माझ्या आईचा अंगठा दिसत नाही का?" बकुळा ओरडली. "एवढे पंख आहेत, एकदा येऊन बघून जायचंस की!"

परीने पंख मिटले. मग म्हणाली, "माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. सगळ्या जणी हात जोडतात आणि झगमगणारा परकर मागतात. तू काय मागतेस?"

"आईचा अंगठा बरा कर."

"दुखऱ्या हाडांना विश्रांतीच लागते, तिथे माझी जादू चालत नाही. पण कात्रीवाचून कापड कापणारं एक यंत्र देते. आणि माझे तीन नियम आहेत, कान देऊन ऐक." परीने तिळाएवढं बोट उगारलं. "यंत्राला साचा एकच मिळेल. यंत्राच्या पोटात गेलेलं कापड पुन्हा अखंड होणार नाही, माझ्या जादूनेही नाही. आणि या झाडावरचं शेवटचं फूल गळेल त्या संध्याकाळी मी येईन. तेव्हा यंत्र हवं की नको ते सांगायचं, का तेही सांगायचं. पण रागात दिलेलं उत्तर मी ऐकत नाही. तसं दिलंस तर यंत्र गेलं म्हणून समज. बोल, साचा कसला हवा?"

"पोपटाचा!" बकुळा पटकन बोलून गेली.

परीने पंख फडकवले आणि तिकडे बकुळाच्या अंगणात यंत्र उभं राहिलं. उसाच्या चरकासारखे दोन रूळ आणि फिरवायला चकचकीत दांडा. सोबत एक फळी होती. तिच्यात करंजीच्या साच्यासारखी धारदार पाती बसवलेली, पोपटाच्या आकाराची. फळीवर कापडाच्या घड्या ठेवायच्या, वर जाड पट्टी ठेवायची, दांडा फिरवायचा. फळी रुळांतून पलीकडे गेली की घडीच्या प्रत्येक पदराचा पोपट तयार!

बकुळाने धावत घरी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "आधी माझं जुनं लुगडं घालून बघ."

बकुळाने लुगड्याच्या निऱ्या घातल्या, एक पुढे, एक मागे, आणि दांडा फिरवला. खर्रर्र! जांभळ्या पोपटांचा ढीगच पडला. बकुळा आनंदाने नाचली. पण तिने पोपट ओळीने मांडले, तर अर्ध्यांची चोच डावीकडे आणि अर्ध्यांची उजवीकडे! निऱ्यांची एक घडी सुलट होती, एक उलट. पोपटही तसेच निघाले. पालथे करावेत, तर रंगाची फिकी बाजू वर यायची. शिवाय पोपटांच्या मधल्या चिंध्यांची ही रास वाया गेली. विरलेलं लुगडं नीट कापलंही गेलं नव्हतं, शेपट्यांना दोरे लोंबत होते.

"माझ्या अंगठ्याला आराम म्हणून आणलंस ना हे?" आई वैतागली. "आता एवढ्या शेपट्यांचे दोरे कात्रीने कोण कापणार? साधा चौकोन मागायला काय झालं होतं?"

कुंपणावरून काकू म्हणाल्या, "अगं, अर्धे पोपट गावाला निघालेत आणि अर्धे गावाहून येतायत!"

बकुळाच्या कानांतून वाफा यायच्या बाकी राहिल्या. 'थांबा, दाखवतेच! कापड घट्ट असलं की यंत्र कसं कापतं ते बघा!' आई पाण्याला गेली होती. बकुळाने पेटी उघडली, हाताला लागलं ते घट्ट विणीचं कापड ओढलं, घड्या घातल्या आणि दांडा फिरवला.

पलीकडून पोपट आले. स्वच्छ, रेखीव, केशरी.

केशरी!

आई दारात उभी होती. तिच्या कमरेवर घागर होती. "विचारलंस?" एवढंच ती म्हणाली, तेही अगदी हळू. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबांचं मुंडासं तुझ्या गोधडीच्या पोटात अखंड घालणार होते मी. कात्री असती ना हातात, तर पहिल्या घासालाच थांबली असतीस. कात्रीला प्रत्येक घासाला तोंड उघडावं लागतं. तेवढ्यात हाताला आठवतं, आपण काय कापतोय ते."

त्या संध्याकाळी भाकरी ताटात गार झाली.

सकाळी बकुळा उठली, तर आई केशरी पोपट दुसऱ्या एका जुन्या लुगड्यावर मांडत होती. सर्वांत वर तिने दोन पोपट पाठीला पाठ लावून ठेवले.

"ही तू आणि ही मी," आई म्हणाली. "कालच्या."

बकुळाने सुईत दोरा ओवला. पुढचे कितीतरी दिवस आई टाके घालत गेली आणि रानात काटेसावरीची फुलं एकेक गळत राहिली. खालच्या ओळीत पोपट थोडे वळले, त्याच्या खालच्या ओळीत आणखी थोडे. शेवटच्या ओळीत चोचीला चोच लागली. सगळे एकाच दिशेचे असते, तर हे जमलंच नसतं.

"आई, अजून राग आहे?"

"आहे. दोरा ओव."

शेवटचा टाका पडला आणि काकू धापा टाकत आल्या. आज त्या कुंपणाबाहेर थांबल्या नाहीत. "सरू, माझ्या लेकीचं बाळ दिवस भरायच्या आतच आलं गं! एवढंसं आहे, अंग गारठलंय. घरात एक दुपटं नाही. तुमच्याकडे ती एखादी... ती वाकडीतिकडी असेल, तर..."

वाकडीतिकडी! अशा वेळीसुद्धा! बकुळाचं नाक पुन्हा लाल झालं. तिने आईकडे बघितलं.

"गोधडी तुझी आहे," आई म्हणाली. "तूच सांग."

बकुळाने केशरी पोपटांवर हात ठेवला. डोळे गच्च मिटले आणि मोठ्याने विचारलं, "बाबा, हे तुमचं आहे. देऊ का?"

बाहेर वारा नव्हता. तरी तिच्या तळहाताखाली गोधडी ऊबदार झाली, जणू कुणीतरी आत्ताच तिच्यातून उठून गेलं होतं.

"न्या काकू. आणि पुन्हा वाकडी म्हणालात ना, तर माझ्याशी गाठ आहे!"

दुपारपर्यंत गोधडीतलं बाळ गुलाबी झालं. मूठ तोंडात घालून रडलंसुद्धा, चांगलं ठणठणीत. ते ऐकून काकू दारातच बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या.

त्याच संध्याकाळी काटेसावरीचं शेवटचं फूल गळलं. अंगणात दोरीवर मुंडाशाचं उरलेलं कापड वाळत होतं, पोपटांच्या आकाराची भोकं पडलेलं. त्या दोरीवर परी येऊन बसली.

"हवं की नको?" तिने विचारलं. "पण तू तर रागावलेली दिसतेस!"

"आहेच. काकूंवर रागावलेय, यंत्रावर रागावलेय आणि तुझ्यावर सगळ्यात जास्त. पण उत्तर रागातलं नाही. ते मी आईच्या अंगठ्याकडे बघून ठरवलंय." बकुळाने यंत्राकडे बोट दाखवलं. "यंत्र हवं. पण पोपट परत घे, मला चौकोन दे. चौकोनाला उलटसुलट नसतं. एकमेकांना लागून कापले तर मधल्या चिंध्याही वाया जात नाहीत. घट्ट कापडाचे तुकडे यंत्र कापेल, विरलेलं कापड मी हाताने फाडीन. पण कुणाची आठवण असलेलं कापड आलं, तर त्याला यंत्र लावायचं नाही. ते ज्याचं त्याला विचारून, कात्रीने, हळूहळू."

"पोपट तर तुझे लाडके होते ना?"

"होते," बकुळा म्हणाली. "पण आई चौकोनच शिवते."

परी पहिल्यांदाच हसली. पैंजण छुमछुमले. तिच्या पंखांतून सोनेरी, केशरी, गुलाबी उजेड फुटला आणि वाढत वाढत सगळं अंगण उजळून गेलं. तो उजेड मुंडाशाच्या भोकांतून आरपार गेला आणि घराच्या भिंतीवर इवलेइवले सोन्याचे पोपट भिरभिरू लागले! बकुळा आणि आई बघतच राहिल्या. उजेड विझला, तेव्हा दोरीवर परी नव्हती. यंत्रावर चौकोनाचा साचा होता आणि दांड्याला पिटुकली चांदीची घंटी. विचारल्याशिवाय दांडा धरला, की ती किणकिणायची.

होळीपर्यंत आईच्या अंगठ्याची सूज उतरली. ते भोकांचं केशरी कापड तिने बकुळाच्या गोधडीच्या पोटात घातलं. काकूंनी आपल्या साड्यांचं गाठोडं आणून दिलं. "घे, काप. मी काही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, आणि जाता जाता, "फारसं!"

तर बाळांनो, माझा नेम तो हाच. आज घरी गेलात की तुम्हीही एवढं कराल? कापड असो, कागद असो नाहीतर दारातली फांदी असो. कापायच्या आधी त्यावर हात ठेवा आणि विचारा, "हे कुणाचं आहे? कापू का?" खूप राग आलेला असला तरी विचारा. राग आलेला असेल, तेव्हा तर नक्कीच विचारा.