फळीवाल्यांचं मेण

एका बंदरात एक नियम होता: राळेच्या भांड्याला बाईचा हात लागता कामा नये. लागला, तर त्या राळेची होडी पाणी घेते. हा नियम कोणी घातला आणि कधी घातला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते विचारायचं नाही, हा दुसरा नियम.

दर वर्षी पाऊस ओसरत आला की किनाऱ्यावर होड्यांची डागडुजी सुरू होई. फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा, राळ आणि तेल एकत्र शिजवून त्यावर लेप द्यायचा, म्हणजे होडी आतून कोरडी राहते. राळ पुरुष शिजवत. बायका लाकडं आणत, राळेचे खडे कुटून देत, चहा देत, आणि सगळं आटोपलं की भांडं राखेनं घासत.

या बंदरात रोहिणी नावाची मुलगी राहत होती. शहरातल्या कॉलेजात शिकून ती नुकतीच परत आली होती. तिला दोन गोष्टी जमत नसत, गप्प बसणं आणि नुसतं बसणं. लहान असताना भांडं घासता घासताच तिने आजोबांना विचारलं होतं, "आता लागतोय की माझा हात. होडी पाणी घेईल ना?"

तिचे आजोबा बंदरातले सगळ्यांत जुने तांडेल. होडीवर त्यांचा शब्द शेवटचा असे. ते म्हणाले, "आता भांडं रिकामं आहे."

"मग नियम भांड्याचा आहे की राळेचा?"

आजोबांनी विडी पेटवली. उत्तर सापडलं नाही की ते विडी पेटवत. रोहिणी मोठी होत गेली तशा त्यांच्या विड्या वाढत गेल्या.

रोहिणी परत आली त्या वर्षी बंदरापलीकडच्या खडकाळ किनाऱ्यावर नवीच माणसं दिसू लागली. काखेत लांब फळी घेऊन ती समुद्रात शिरत, लाट आली की फळीवर उभी राहत, आणि बहुतेक वेळा पाण्यात पडत. गावाने त्यांचं नाव फळीवाले ठेवलं.

"जाळं नाही, गळ नाही, मग हे पाण्यात जातात तरी कशाला?" पारावरचा एक म्हातारा विचारी.

"पडायला," दुसरा सांगे. "घरी कोणी पडू देत नसणार."

रोहिणी मात्र रोज खडकावर बसून बघायची. एक दिवस एक उंच मुलगी लंगडत बाहेर आली. दोन्ही गुडघे सोललेले. ती वाळूत बसून फळीवरचा कसलासा मऊ थर नखाने खरवडू लागली.

"हे काय आहे?" रोहिणीने विचारलं.

"मेण. पाय घसरू नये म्हणून लावतो. पण हे येतं थंड देशातून. तुमच्या उन्हात त्याचं लोणी होतं. मग पाय सटकतो आणि मी खडकावर."

उन्हात वितळणार नाही, पाण्यात सुटणार नाही, पाय धरून ठेवील असं काहीतरी हवं होतं. रोहिणी घराकडे चालू लागली आणि अर्ध्या वाटेत थांबली. असं काहीतरी ती जन्मापासून हुंगत आली होती. दर वर्षी तेच तर भांड्याला चिकटलेलं घासून काढताना तिची बोटं सोलवटायची.

पडवीत आजोबा बसले होते. "आजोबा, मेणात राळ घातली तर काय होईल?"

"जास्त झाली तर तडकेल. कमी झाली तर उन्हात रडेल." मग ते सावध झाले. "का गं?"

"सहज."

"तू सहज काही विचारत नाहीस."

आजोबांचं कान तुटलेलं जुनं भांडं माडाखाली पडलं होतं. रोहिणीने तीन दगडांवर ते मांडलं. डोंगरातून मध विकायला येणाऱ्या बाईकडून मेण घेतलं, आत्याच्या स्वयंपाकघरातून खोबरेल उचललं, आणि राळ कुटून स्वतःच ढवळायला बसली. पहिलं मेण श्रीखंडासारखं झालं. पुढचं इतकं कडक झालं की हातातून पडलं तर खडीसाखरेसारखे तुकडे. तरी तिने हात थांबवला नाही. एकदा मेण बरं जमल्यासारखं वाटलं, म्हणून तिने ते आत्याच्या पाटावर घासून वाळत ठेवलं आणि विसरून गेली.

दुपारी आत्या त्या पाटावर जेवायला बसली. उठली ती पाटासकट.

"काय फासलंयस गं बये याला?"

"आत्या, जमलं," रोहिणी नाचायचीच बाकी राहिली.

"तुझं जमलं. माझं लुगडं गेलं त्याचं काय?"

राळेचा वास पडवीपर्यंत जातच होता. आजोबा समुद्राकडे तोंड करून बसले होते. रोहिणीने सरळ विचारलं, "तुम्हाला दिसतंय ना मी काय करतेय?"

"मला मोतीबिंदू आहे."

"सकाळी तर लांबवरच्या होडीचा मालक ओळखलात."

"सकाळी नसतो. दुपारी चढतो." मग ते तसेच पाठमोरे बोलले, "आच कमी कर. राळ करपतेय. नाकाला मोतीबिंदू नाही माझ्या."

रोहिणीने ते मेण करवंट्यांत ओतलं. थिजल्यावर गोल वड्या निघाल्या. सुक्या केळीच्या पानात गुंडाळून पहिली वडी तिने त्या उंच मुलीला दिली. मुलीने ती फळीवर घासली आणि पाण्यात शिरली. एक लाट आली, तिने मुलीला उचललं, आणि मुलगी उभ्याची उभी वाळूपर्यंत आली. काय झालं ते कळेना म्हणून फळीवरून उतरायचंच विसरली.

दुसऱ्या दिवशी माडाखाली फळीवाल्यांची रांग लागली. रोहिणीने माडाच्या झापांची एक खोपटी उभी केली. सकाळी ढवळायचं, दुपारी वड्या पाडायच्या, संध्याकाळी कोणाचा पाय कुठे सटकला ते ऐकायचं, आणि ऐकून राळ वाढवायची की तेल, ते ठरवायचं. एखाद्याने नुसती वडी उचलून चालू लागावं हे तिला चालत नसे. "उभा राहा. कसा पडलास ते आधी सांग," ती म्हणे.

मग गंमत झाली. गावातल्या बायका एकेक करून खोपटीवर येऊ लागल्या. एकीला वडी हवी होती दाराच्या बिजागरीसाठी. दुसरीला टाचांच्या भेगांसाठी. तिसरीलाही टाचांसाठीच.

"अख्ख्या गावाच्या टाचा एकदम फुटल्या?" रोहिणीने विचारलं.

"तू दे गं. चौकशा नकोत," म्हणून बायका पदराआड वडी लपवून घेऊन जात.

एका संध्याकाळी वाळूत ओढून ठेवलेल्या होड्यांजवळून जाताना रोहिणीला सगळा उलगडा झाला. वल्ह्यांच्या मुठी पिवळसर दिसत होत्या. ओल्या हातातून वल्हं सटकतं, हे होडीवाल्यांचं जुनंच दुखणं. फळीवाल्यांचे पाय घट्ट राहतात हे त्यांनी लांबून बघितलं होतं, आणि बायकांना पुढे करून उपाय मिळवला होता. गप्प बसणं रोहिणीला जमत नसे, पण हसू इतकं आलं की बोलायचं राहूनच गेलं.

असेच दिवस जात होते. मग एका दुपारी वारा फिरला. होड्या लांब गेल्या होत्या. समुद्र उसळला, शिडं उतरवावी लागली, आणि वल्ही मारत मारत सगळे परत येऊ लागले. बायका किनाऱ्यावर उभ्या राहून होड्या मोजत होत्या. सगळ्या आल्या. सगळ्यांत शेवटी बंदराच्या पाटलांची आली, आणि तिच्यात गुडघाभर पाणी होतं. पाटलांबरोबर त्यांचे दोन्ही मुलगे होते. पाटलांनी आधी मुलांना वाळूवर उतरवलं, मग ते स्वतः उतरले.

दिवस मावळायच्या आत पारावर सभा बसली. रोहिणीला बोलावलं. तिचं भांडंही आणायला लावलं.

"पोरी, तुझ्यावर माझा राग नाही," पाटील म्हणाले, आणि ते खरं होतं. "पण आज माझी दोन्ही पोरं गेली असती. राळेला बाईचा हात लागला, होडीने पाणी घेतलं. नियम उगाच नसतो. हे भांडं समुद्रात बुडवायचं."

माना डोलल्या. तेव्हा एक मवाळ म्हातारा पुढे सरकला. "बुडवायचं कशाला? पोरीने एवढं उभं केलंय. आपण असं करू, ढवळायला तिच्या चुलतभावाला बसवू. वड्या त्याच्या नावाने जातील. पोरीने त्या पानात गुंडाळाव्या. तिचंही राहिलं, नियमाचंही राहिलं."

पुन्हा माना डोलल्या, आता जास्तच जोरात. आत्या मागून कुजबुजली, "हो म्हण. घरातल्या घरातच राहील सगळं."

रोहिणीने भांड्याकडे बघितलं. हो म्हटलं की उद्या सकाळी चूल पेटली असती. फळीवाल्यांना मेण मिळालं असतं, म्हाताऱ्यांना झोप लागली असती. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर कोणीतरी लहान पोर राखेनं भांडं घासत बसली असती.

"पाटीलकाका," ती म्हणाली, "तुमच्या होडीची राळ कोणी शिजवली?"

"मी."

"फटींत कापूस कोणी भरला?"

"मीच. यंदा जरा घाई झाली खरी, पण..."

"तिथे माझा हात लागला होता?"

"हात नसेल. पण तुझ्या चुलीचा धूर तर गावभर फिरतो."

"धुराला हात नसतो, काका. माझ्या हातची राळ तुमच्या होडीत कुठे होती का, तेवढं सांगा."

"कुठेच नव्हती," पाटील घाईने म्हणाले. बाकीचे म्हातारे एकाएकी पायांकडे बघू लागले.

पाराच्या कडेला आजोबा बसले होते. ते सावकाश बोलले, "आता मला दिसत नाही फारसं. पण पाटलांच्या वल्ह्याला वास कसला येतोय?"

रोहिणी वाळूत गेली आणि पाटलांचं वल्हं घेऊन आली. तिने ते त्यांच्या हातात दिलं. पाटलांनी सवयीने मूठ आवळली.

"ह्याच्यावर आहे ती," रोहिणी म्हणाली. "फटीतली राळ तुमची होती, तिने पाणी आत घेतलं. मुठीवरची माझी. एवढ्या पाण्यातून तुम्ही वल्ही मारत आलात, एकदा तरी हात सटकला?"

पाटलांनी आपल्या मुठीकडे बघितलं.

"भांडं मी देणार नाही. बुडवायला नाही आणि चुलतभावालाही नाही. ढवळणार मी, वडी जाणार माझ्या नावाने. पुढच्या वर्षी होड्यांची राळ शिजेल तेव्हा मला भांडं घासायला बोलावू नका. ढवळायला बोलावलंत तर येईन, आणि फटीही नीट बघून देईन."

तिने भांडं काखेत मारलं आणि ती खोपटीकडे निघाली. पाटलांना वल्हं खाली ठेवायचं होतं, पण ते हातातून लवकर सुटेना. ज्याने त्याने आपापला तळवा हळूच धोतराला पुसून बघितला. मग एकामागून एक विड्या पेटल्या.

फक्त आजोबांनी पेटवली नाही.

तात्पर्य: एखाद्या हाताला दूर ठेवण्याआधी आपल्या मुठीत त्याच हाताचं काम नाही ना, हे बघावं; आणि जो नियम विचारू देत नाही, तो सगळ्यांत आधी विचारावा.